राजवाड्यामागचं स्वयंपाकघर

आमच्या पहिल्या घरात नवी कोरी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे मी. बाकी सगळं आधी कुणीतरी वापरून झालेलं होतं. नवराही त्याच्या आईने चांगला पंचवीस वर्षं वापरलेला होता, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाणी भरणं, तांदूळ निवडणं आणि बोलणी खाणं ही तिन्ही कामं त्याला आयती येत होती.

घर वडशाला, धानाच्या गिरणीच्या मागे होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा वनखात्याच्या लाकूड डेपोत कारकून. गडचिरोली जिल्हा तेव्हा चांद्यापासून म्हणजे चंद्रपुरापासून नुकताच वेगळा झाला होता, आणि नव्या कचेऱ्यांत चांद्याहून आलेली जुनी टेबलं-खुर्च्या मांडताहेत असं सगळे म्हणत. मला त्या बातमीने फार धीर यायचा. जिल्ह्याचाच संसार जुन्या सामानावर मांडला जात असेल, तर मी लाजायचं काही कारण नव्हतं. नव्या फर्निचरच्या दुकानात आम्ही जायचो ते फक्त पंख्याची हवा खायला.

जुनं विकत घेणं ही आधी गरज होती, मग ते माझं व्यसन झालं. डेपोच्या लिलावातून एक खुर्ची आली. तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगात मोठा आकडा होता, त्यामुळे मागून पाहिलं तर बसलेला माणूसच मोजून ठेवलेला वाटे. रेल्वेच्या भंगारातून लाकडी पट्ट्यांचा एक बाक आला. त्या बाकावर बसलेला प्रत्येक पाहुणा का कुणास ठाऊक सारखा घड्याळ पाहायचा, आणि लांबून छोट्या गाडीची, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेची, शिट्टी ऐकू आली की पिशवी उचलून निघायचा. पाहुणे लवकर जातात म्हणून नवरा त्या बाकावर खूश होता.

घराला खोल्या दोन, पण खरं म्हणजे दीड. घरमालकाने मधली भिंत गुडघ्यापर्यंत बांधली आणि तिथेच त्याचा उत्साह संपला. बैठकीत बसलेल्या माणसाला स्वयंपाकघर सगळं दिसायचं. स्टोव्ह, पाण्याचा माठ, दोरीवर वाळत टाकलेली नवऱ्याची बनियन, आणि भाकरी करपल्यावर माझं झालेलं तोंडसुद्धा. माझा स्वभाव तापट आहे. तो लपवायला निदान एक पूर्ण भिंत लागते.

आमच्यासोबत माझी नणंद राहायची. ती रोज छोट्या गाडीने ब्रह्मपुरीला कॉलेजात जायची आणि संध्याकाळी परत आली की बोलायला लागायची. गाडीत कोण चढलं, कुणाच्या टोपलीतून कोंबडी सुटली, ती कोंबडी तिकीट तपासणाऱ्याच्या डोक्यावर कशी बसली, हे सगळं ती प्रत्येकाचा आवाज काढून, क्रमाने, एकही पायरी न गाळता सांगायची. पाऊण तासाच्या प्रवासाची गोष्ट जेवण होईपर्यंत पुरायची. मी पोळ्या लाटत आणि नवरा भांडी घासत ऐकायचो, आणि मधे कुणी खोकललं तरी तिला राग यायचा.

पण हीच मुलगी पाहायला आलेल्या लोकांसमोर बसली की तिचं तोंड उघडत नसे. पहिल्या स्थळाने नाव विचारलं. ती जमिनीकडे पाहत बसली. शेवटी नाव मी सांगितलं. त्यांनी शिक्षण विचारलं, तेही मीच सांगितलं. त्यांना वाटलं असावं की उभी आहे तीच नवरी. दुसऱ्या स्थळाने वरणाला फोडणी कशाची देतेस म्हणून विचारलं, तर ही पुन्हा जमिनीकडे पाहत राहिली, जणू फोडणीचं सामान तिथेच सांडलं होतं. दोघांकडूनही नकार आला. दुसऱ्यांनी तर निरोप धाडला की मुलगी चांगली आहे, पण बोलण्यात दोष असेल तर तसं आधी सांगायचं होतं.

मग गावाहून सासऱ्यांचं कार्ड आलं. एक तिसरं स्थळ नागभीडकडचं होतं, मुलगा गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. तेही फिसकटलं तर पोरीचं कॉलेज बंद, तिला गावी घेऊन या. तिथे एक बिजवर तयार होता. त्याच्याकडे धानाची गिरणी होती, दोन मुलं होती, आणि वय सासऱ्यांनी कार्डात लिहिलं नव्हतं. नणंदेने ते कार्ड वाचलं आणि त्या संध्याकाळी गाडीत काहीच झालं नाही असं सांगितलं. आमच्या घरात पहिल्यांदाच जेवताना भांड्यांचा आवाज ऐकू आला. मला ते सहन झालं नाही.

मी विचार केला आणि दोष शोधून काढला. दोष घराचा होता. पाहुण्यांना सगळं उघडं दिसतं, पोरीला लाज वाटते, म्हणून तिचं तोंड बंद होतं. बैठक नीट सजवली की पोरगी बोलेल. हे निदान मी इतक्या ठामपणे केलं की नवऱ्याने मान हलवण्यापलीकडे काही केलं नाही.

वडशाला नाटक कंपन्यांची काही कमी नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी त्यांचे खेळ होतात, आणि होळी झाली की फाटके पडदे, मोडक्या तलवारी आणि उतरलेले मुकुट विकायला निघतात. आम्ही एका कंपनीच्या गोदामात गेलो. तिथे हिवाळाभर राजा झालेला माणूस लुंगी नेसून तलवारीला चांदीचा रंग देत बसला होता. पडदे चार होते. रान, रस्ता, राजवाडा आणि गरिबाचं घर. नवरा म्हणाला की गरिबाचं घर घेऊ, आपल्याकडे शोभेल. मी त्याला सांगितलं की ते आपल्याकडे आहे, आणि न रंगवताही आहे.

राजवाडा घेतला. त्यात तीन खांब होते, त्यांतला मधला जरा कललेला. एक मोर होता, एक झुंबर होतं. कंदील लागून पडद्याला एका जागी भोक पडलं होतं, तिथे कंपनीने रानाच्या जुन्या पडद्याचं ठिगळ लावलेलं होतं. त्यामुळे राजाच्या भिंतीतून वाघाची शेपटी बाहेर आली होती. मी म्हटलं, राजेलोक शिकारी असतात.

राजवाडा आहे तर सिंहासन पाहिजेच. तेही घेतलं. दोन्ही हातांना लाकडी सिंह, त्यांतल्या एकाला नाक नव्हतं. बैठकीची गादी मखमलीची, तणसाने म्हणजे धानाच्या वाळल्या काडाने भरलेली, कडेला जरीची झालर. सोनेरी रंग नवा दिला होता आणि तो हाताला लागायचा. एवढी खरेदी पाहून राजा खूश झाला आणि त्याने नाटकाची पितळी घंटा वर फुकट दिली. ती मी दाराबाहेर टांगली. वडशात तेव्हा दाराला घंटा असलेली घरं फार नव्हती.

इथे नवऱ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या गावी दर हिवाळ्यात नाटक व्हायचं. अर्धं गाव त्यात काम करायचं आणि उरलेलं अर्धं गाव पाहायचं. नवऱ्याला अभिनय येत नव्हता, गाणं येत नव्हतं, म्हणून लहानपणापासून त्याला पडद्याच्या दोरीशी उभं केलं होतं. पहिली घंटा झाली की दोरी सोडवायची, दुसरीला हाती धरायची, तिसरीला ओढायची. लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी त्याला विचारलं होतं की तुमच्यात गुण काय. बराच विचार करून तो म्हणाला होता, "माह्या हातून तिसरी घंटा कधी चुकली नाई."

मला तेव्हा ते गोड वाटलं होतं.

पडदा त्यानेच टांगला. कळकाला गुंडाळी, वर दोन लाकडी चाकं, दोरी स्वयंपाकघराच्या बाजूला स्टोव्हजवळच्या खिळ्याला. ओढली की राजवाडा सरसर गुंडाळून वर जायचा. एरवी ताट वाढलं तरी ज्याला चार हाका माराव्या लागायच्या, तो माणूस पडदा टांगताना मात्र शिट्टी वाजवत होता. पडदा खाली सोडल्यावर बैठक एकदम ऐसपैस आणि श्रीमंत दिसायला लागली. मागे स्वयंपाकघर आहे अशी शंकाही आली नसती, फक्त झुंबरातून कांद्याच्या फोडणीचा वास यायचा.

शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहत. त्या पडदा पाहायला आल्या, रेल्वेच्या बाकावर बसल्या, पानपुडा काढला आणि राजवाड्याकडे तोंड करून थांबल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं की सुरू कधी होते. मी म्हटलं, आजी, हा शोभेचा आहे. त्यांना ते पटलं नाही. पडदा आहे म्हणजे मागे काहीतरी असणारच, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि त्या रोज संध्याकाळी येऊन बाकावर जागा धरू लागल्या. येताना त्यांची बकरीही मागोमाग यायची. बकरीला मी आत येऊ दिलं नाही, इथपर्यंतच माझं चालायचं.

पाहुणे रविवारी दुपारी चारला यायचे होते. सकाळी मी मुख्याध्यापक बाईंकडून कान शाबूत असलेले कप आणायला गेले, नवरा बाजारात गेला, घर नणंदेवर सोपवलं. परत आलो तर सगळं जागच्या जागी होतं. सिंहासनाची गादी तेवढी एका बाजूने जरा उंच वाटली, पण तिकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता. नणंद गप्प होती. मी म्हटलं, घाबरू नको, आज घराकडे पाहूनच ते गार पडतील. पाहुणे यायच्या आधीच हिचं तोंड बंद झालं तर पुढे काय, म्हणून मी मनातल्या मनात बिजवराचं वय मोजायला लागले.

नवरा आंघोळ करून टॉवेल गुंडाळून आला आणि पँट शोधायला लागला. पाहुण्यांसमोर घालण्यासारखी एकच होती, टेरिकॉटची. ती दोरीवर नव्हती, पेटीत नव्हती, गादीखाली इस्त्रीला ठेवलेली नव्हती. बाकीच्या साबणाच्या पाण्यात होत्या. मी त्याच्यावर तोंड सोडणार तोच दारातली घंटा वाजली. पाहुणे अर्धा तास आधी आले होते.

मी नवऱ्याला पडद्यामागेच थांब म्हणून सांगितलं आणि बाहेर आले. मुलाची आत्या पुढे होती, घंटा तिनेच वाजवली होती. मागे मुलाचे वडील, पांढरं स्वच्छ धोतर, काळी टोपी. मुलगा मागाहून येत होता, उसनी आणलेली मोटारसायकल गिरणीच्या सावलीत लावून. आत्या बाकावर, त्या दिवशी दुपारपासूनच जागा धरून बसलेल्या शेजारच्या आजींच्या बाजूला बसली. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या, पण पडद्यासमोर बसल्या बसल्या आजींनी पानपुडा पुढे केला आणि तिने पान घेतलं.

मुलाचे वडील मात्र दारातच थबकले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कललेल्या खांबाकडे पाहिलं, मग सिंहासनाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. एका वर्षी त्यांच्या गावच्या नाटकाला हेच सिंहासन भाड्याने आणलं होतं आणि ते स्वतः त्यावर बसून राज्य हरले होते. बिननाकाचा सिंह त्यांनी ओळखला, कारण नाक त्यांच्याच हातून गेलं होतं. ते तसेच मागे वळले, दाराबाहेर गेले आणि घंटेवर एक टोला दिला. आवाजही तोच आहे म्हणाले. मग कुणी बसा म्हणायच्या आत ते सरळ सिंहासनावर जाऊन बसले. गादीत ते एका बाजूला जरा कलले, पण राजाला शोभेल असेच कलले.

मी पाणी आणायला पडद्यामागे गेले. तिथे नवरा टॉवेलवर उभा, आणि दोरी खिळ्यावरून सोडवून त्याच्या हातात. मी तिकडे पाहिलं, पण मला काही सुचलं नाही. दोन घंटा झाल्या होत्या, त्याच्या हातांनी आपलं काम केलं होतं, आणि त्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता. मी नणंदेला खालच्या आवाजात विचारलं की दादाची पँट पाहिलीस का.

आणि तिचा बांध फुटला. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं तिला सांगायचं होतं, आणि सांगायचं तर पहिल्यापासूनच सांगायला हवं होतं. ती कुजबुजत होती, पण तिची कुजबुज म्हणजे इतर माणसाचं बोलणं. मी गेल्यावर आजींची बकरी दारातून आत आली. हिने हाड म्हटलं. बकरीने हिच्याकडे पाहिलं, असं, म्हणजे नणंदेने बकरीसारखं पाहून दाखवलं. मग बकरी सिंहासनावर चढून बसली आणि गादीतलं तणीस ओढून खायला लागली. हिने शेपटी धरून ओढलं तर बकरीने जरीची झालर तोंडात धरली. हे सांगताना नणंदेने एक पाय माठाच्या तिवईवर ठेवला, झालर म्हणून माझा पदर दोन्ही हातांनी धरला आणि मान मागे टाकून ओढायला सुरुवात केली.

बाहेर मुलगा मोटारसायकल लावून आला. दार उघडंच होतं, पण माणूस सभ्य, न विचारता आत कसं यायचं म्हणून त्याने घंटा वाजवली. एकच टोला.

तो तिसरा होता.

नवऱ्याच्या हातून तिसरी घंटा कधी चुकली नव्हती. तीन खांब, मोर, झुंबर आणि वाघाची शेपटी सरसर वर गेली, आणि मागे आम्ही तिघे. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन, पदर नणंदेच्या हातात. नणंद एका पायावर. नवरा टॉवेल, बनियन आणि हातात दोरी, तोंडावर काम नीट झाल्याचं समाधान. ते समाधान उतरायला थोडा वेळ लागला, आणि मग तोंड पाहवत नव्हतं.

बाकावर आत्याने पदर सारखा केला आणि पाठ ताठ करून बसली. शेजारच्या आजींनी पान गालात सरकवलं आणि फार दिवसांची वाट पाहून झालेल्या माणसाच्या समाधानाने त्या म्हणाल्या, "झालं सुरू."

नणंदेने पदर सोडला. पाय खाली घेतला. आणि जमिनीकडे पाहिलं. ते पाहणं मला ठाऊक होतं. दोनदा मी ते पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यानंतर नकार आला होता. तांब्या खाली ठेवावा इतकंही मला सुचेना. धानाची गिरणी, बिजवर आणि त्याची दोन मुलं मला समोर रांगेत उभी दिसायला लागली.

मुलगा अजून दारातच होता, हात घंटेच्या दोरीवर. त्याने आमच्या कुणाकडे पाहिलं नाही, फक्त तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग पुढं काय झालं?"

तिने तिवई पायाने मागे सरकवली.

तो दोन पावलं पुढे आला. त्याच्या दवाखान्यातले सगळे रोगी मुके, त्यामुळे उत्तर लगेच यावं अशी त्याला सवयच नव्हती. तो थांबला, मग काळजीने म्हणाला की सोनेरी रंग बकरीच्या पोटात गेला असेल तर बरं नाही, रंग खाल्ला का तिने. नणंद जमिनीकडे पाहतच म्हणाली, "रंग नाई खाल्ला. चाटला अन् थुकला."

तो म्हणाला की बकरी थुंकत नाही. एवढं त्याने म्हणायचा अवकाश, नणंदेने मान वर केली. तिच्या गोष्टीत कुणी खोकलेलं तिला चालत नसे, आणि हा तर दुरुस्ती करत होता. "तुमी होते काय तिथी?" तिने विचारलं. "मी होती. माह्यासमोर थुकली."

मग ती थांबली नाही. तिने तिवई पुढे ओढली आणि गोष्ट पहिल्यापासून सांगितली, बकरीच्या आवाजासकट. बकरी दोनदा चढली आणि तीनदा उतरवावी लागली, हा हिशोब कसा जमतो तेही तिने समजावलं. मधे मुलाने कान खाली पडले होते का, पोट फुगलं होतं का असं विचारलं आणि तिने त्याची नीट उत्तरं दिली. शेजारच्या आजींनी आपल्या बकरीची बाजू घ्यायचा प्रयत्न केला, पण आत्याने त्यांना गप्प केलं. तणीस सगळं खाऊन झालं, गादी चपटी झाली, वहिनी आता येईल आणि जीव घेईल, म्हणून हाताला लागेल ते गादीत कोंबावं लागलं, असं ती सांगत आली. आणि हाताला काय लागलं, तर दोरीवर वाळत असलेली दादाची टेरिकॉटची पँट.

सगळ्यांनी सिंहासनाकडे पाहिलं. मुलाचे वडील हळूच उठले. पांढऱ्या धोतरावर मागून सोनेरी बैठक उमटली होती, पण ते त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी मखमलीच्या फाटीत हात घालून पँट बाहेर ओढली, झटकली, घडी केली आणि दोन्ही हातांनी माझ्या नवऱ्यापुढे धरली. नवऱ्याने वाकून ती घेतली. राज्य गेलेल्या राजानेही इतक्या थाटात कुणाला वस्त्रं दिली नसतील. मग नवरा पडदा सोडायला निघाला, तर त्यांनी हात वर केला.

"राहू द्या वरतं," ते म्हणाले. "आता पाडून काय उपयोग."

नवऱ्याने माठामागे बसून पँट घातली. आम्ही चहा त्यांच्यासमोरच केला. दूध उतू गेलं तेही त्यांनी पाहिलं. आत्या उठली, आपल्या गावाचं नाव मोठ्याने सांगितलं, जसं नाटकात मधेच बक्षीस देणारे सांगतात, आणि नणंदेच्या हातात नोट ठेवली. ती मुलगी पाहिल्याची होती असं आत्याचं पुढे कायम म्हणणं होतं. शेजारच्या आजींच्या मते ती बकरीच्या प्रवेशाची होती. जाताना मुलाने बकरीचे डोळे पाहिले, पोटावर टिचक्या मारल्या आणि सांगितलं की प्रकृती उत्तम आहे. होकार त्याच दारात झाला. नंतर कळलं की मुलाने घरी फक्त एवढंच सांगितलं होतं, दिवसभर गुरांचे मालक येतात, पण काय झालं ते एकही जण क्रमाने सांगत नाही. हिने सांगितलं.

त्या संध्याकाळी मी नणंदेला विचारलं की आधीच्या दोघांना तू नाव का नाही सांगितलंस. ती तांदूळ निवडत होती. तिला प्रश्नच विचित्र वाटला. "नाव तर त्यायले माईतच होतं, वहिनी," ती म्हणाली. "मंग सांगायचं काय?"

मला माझाच राग आला. लाज तिला वाटत नव्हती, मला वाटत होती. ज्या जागी तिचं तोंड चालायचं ती जागा झाकायला मी राजवाडा आणला होता, आणि तिला त्याच्या पुढे नेऊन बसवणार होते. पण खरेदी माझी होती, म्हणून मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. पडदा चांगला निघाला, एवढंच नवऱ्याला म्हटलं.

लग्न वैशाखात झालं. आमच्यात लग्नाला अंतरपाट नसतो, त्यामुळे नवऱ्याला ओढायला काही मिळालं नाही, आणि तो मंडपभर रिकाम्या हाताने फिरला. सिंहासन मुलाच्या वडिलांनी मागून घेतलं, पुढच्या हिवाळ्यात त्यांना पुन्हा एकदा राज्य हरायचं होतं. नणंद मोटारसायकलवर बसून गेली. जाताना रडली नाही, कारण तिचा नवरा तिला काहीतरी विचारत होता आणि ती सांगत होती.

आणि मग घर गप्प झालं. बैठक मी आणखी सजवली. भंगारातून रेल्वेच्या खिडकीची चौकट आणून तिच्यात आरसा बसवला, चांद्याहून जुनी पितळी समई आणली. शेजारच्या आजी बाकावर येऊन बसायच्या, पडद्याकडे पाहायच्या आणि काही न विचारता उठून जायच्या. जेवताना मी नवऱ्याला डेपोत काय झालं विचारायची. तो म्हणायचा, काही नाही, लाकडं आली. मला नणंद फार आठवायची. एवढं जुनं सामान गोळा करून जे घर भरलं नाही ते एका पोरीच्या बडबडीने भरलेलं होतं, हे मला ती गेल्यावर कळलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी एक दिवस मी पोळ्या लाटत होते आणि नवरा भांडी घासत होता. दाराशी घंटा वाजली. मी म्हटलं, कोण आहे. दुसऱ्यांदा वाजली, आणि नवऱ्याने साबणाच्या हातांनी दोरी सोडवली. मी काही बोलायच्या आत तिसरी वाजली.

राजवाडा वर गेला. टोला देऊन धावत आत आलेली नणंद बाकावर, आजींच्या शेजारी, प्रवासाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या साबणाच्या हातांकडे पाहिलं, तव्यावर करपत असलेल्या पोळीकडे पाहिलं आणि पुढे सरसावून विचारलं, "मंग पुढं काय झालं, वहिनी?"

दोन स्थळांना तिची उत्तरं मी दिली होती, शाळेत साठ पोरांना मी दिवसभर बोलण्यात हरवत होते. पण त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. हातात लाटणं घेऊन मी जमिनीकडे पाहत उभी राहिले.